घराच्या कागदावरचा लँड लॉट

अल्फारेटात घर घेतलं असेल, तर खरेदीखत एकदा काढून बघा. जमिनीच्या वर्णनात 'लँड लॉट' आणि 'डिस्ट्रिक्ट' असे आकडे दिसतील. सह्या करताना आपण ते वाचतही नाही. पण त्यांचं मूळ 1832 सालात आहे.

तेव्हा ही जमीन चेरोकी लोकांची होती. जॉर्जिया राज्याने तिथे मोजणीदार पाठवले. हातात 66 फुटांची गुंटर साखळी. चारही बाजू 20-20 साखळ्या, की झाला 40 एकरांचा चौकोन. प्रत्येक चौकोनाला नंबर दिला आणि जमीन लॉटरीत वाटून टाकली. 1838 मध्ये चेरोकींना बळाने हाकललं. हजारो माणसं वाटेतच मेली.

आपल्याकडे त्याच दशकात गोल्डस्मिड आणि विंगेट पुणे जिल्ह्यात, इंदापुरात मोजणी करत होते. त्यांच्या आधीची प्रिंगलसाहेबांची मोजणी सदोष निघाली होती. सारा पेलेना, जमिनी ओसाड पडल्या. नव्या मोजणीतली साखळी 33 फुटांची, म्हणजे गुंटरच्या निम्मी. एक साखळी लांब, एक साखळी रुंद, तो आपला गुंठा. 40 गुंठ्यांचा एकर.

आता संगणकाकडे येऊ. पूर्वी एक रस्ता वाढला की अख्खा नकाशा हाताने पुन्हा काढायचा. 1960 च्या दशकात कॅनडात रॉजर टॉमलिन्सन यांनी ही मेहनत संगणकावर सोपवली. त्यातूनच जीआयएस आलं. माहिती एकदाच भरायची. रस्ते, पाणी, प्लॉट असे वेगवेगळे थर ठेवायचे आणि हवा तो नकाशा त्यातून काढायचा. आमच्या धंद्यात याला कार्यक्षमता म्हणतात.

पण थराखालचा थर बघा. अल्फारेटा 1858 मध्ये मिल्टन काउंटीचं मुख्य ठिकाण झालं. 1932 मध्ये ती काउंटीच फुल्टनमध्ये विलीन झाली. काउंटीचं नाव गेलं, लँड लॉटचे नंबर राहिले. आज काही मिनिटांत निघणारा प्लॉटचा नकाशा त्याच जुन्या रेघांवर उभा आहे.

संगणक नकाशा पटकन काढतो. पण मूळ मोजणी बरोबर होती का, न्याय्य होती का, हे तो विचारत नाही. ते आपणच विचारायचं. तेव्हा खरेदीखत पुन्हा कपाटात ठेवण्याआधी तो नंबर एकदा वाचा. आपल्या अंगणाचा इतिहास तिथूनच सुरू होतो.