खुब्याचा सांधा व त्याचे स्नायू : ज्ञानाचा इतिहास

ऊर्वस्थीचे (मांडीच्या हाडाचे) गोल डोके श्रोणीच्या हाडातील खोलगट खोबणीत बसून हा सांधा तयार होतो. या खोबणीला युरोपीय शारीरविज्ञांनी व्हिनेगर ठेवण्याच्या लहान पेल्याचे लॅटिन नाव दिले, तर सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात सांध्यांचे जे आठ प्रकार सांगितले आहेत त्यांतील ‘उलूखल’ या प्रकारात वंक्षणाचा, म्हणजे जांघेतील, सांधा घातला आहे. उलूखल म्हणजे उखळ. काखेतील सांधा व दातांची बैठक यांचीही गणना त्याच प्रकारात केलेली असल्याने हे वर्गीकरण हालचालीपेक्षा आकारावर आधारलेले दिसते. दात उखळात हलत नाहीत, हे प्राचीनांना ठाऊक नसेल असे मानण्याचे कारण नाही.

हिपॉक्राटीझ यांच्या नावावर असलेल्या ग्रंथसंग्रहात खुबा निखळण्याच्या चार दिशा वर्णिल्या असून गर्भावस्थेतच निखळलेल्या खुब्याचाही उल्लेख आहे. गेलेन यांचे विच्छेदन मुख्यतः प्राण्यांवरचे होते. व्हेसेलिअस यांच्या १५४३ च्या ग्रंथानंतर मानवी स्नायूंची रचना उत्तरोत्तर स्पष्ट होत गेली. तथापि स्नायू कोठे सुरू होतो व कोठे संपतो हे कळले, तरी तो चालताना काय करतो हे त्यावरून आपोआप कळत नाही. खरा वाद येथेच उद्भवला.

विल्हेल्म व एडुआर्ट व्हेबर या बंधूंनी १८३६ मध्ये चालण्याच्या यामिकीवर ग्रंथ प्रसिद्ध केला. शवाच्या खुब्याभोवतीचे स्नायू व संधिकोश कापूनही पाय गळून पडत नाही, मात्र श्रोणीच्या आतील बाजूने खोबणीपर्यंत भोक पाडून हवा आत जाऊ दिली की पडतो, असे त्यांनी दाखविले. ऊर्वस्थीचे डोके खोबणीत राहण्यास हवेचा दाब कारणीभूत आहे, हा निष्कर्ष त्यातून निघाला. पुढे टाकला जाणारा पाय लंबकाप्रमाणे केवळ गुरुत्वाकर्षणाने झुलतो, हे त्यांचे दुसरे मत मात्र टिकले नाही. खुबा वाकविणारे स्नायू लुळे पडलेल्या रुग्णांचे निरीक्षण करून फ्रेंच वैद्य द्यूशेन यांनी १८६७ मध्ये स्नायूंची आवश्यकता प्रतिपादिली. शवापेक्षा रुग्ण हा येथे अधिक विश्वसनीय साक्षीदार ठरला.

बिगेलो यांनी १८६९ मध्ये सांध्यासमोरील उलट्या ‘वाय’ अक्षरासारख्या अस्थिबंधाचे महत्त्व दाखवून निखळलेला खुबा बसविण्याची पद्धत सुधारली. परंतु जन्मतः निखळलेल्या खुब्याच्या रुग्णाचे डुलत चालणे अनाकलनीयच होते. ऊर्वस्थीचे डोके प्रत्येक पावलागणिक वर सरकते म्हणून रुग्ण डुलतो, असा समज होता. ट्रेंडेलेनबुर्ख यांनी १८९५ मध्ये याचे कारण मध्य व लघु नितंब स्नायूंची दुर्बलता हे असल्याचे दाखविले. एका पायावर उभे राहिल्यास याच पायाकडचे हे स्नायू श्रोणी समतल राखतात. ते दुर्बल असल्यास विरुद्ध बाजूची श्रोणी खाली झुकते व तोल सावरण्यासाठी रुग्ण धड आजारी बाजूकडे झुकवितो. रुग्णाला एका पायावर उभे करून पाठीमागून पाहावयाची ही परीक्षा आजही केली जाते. तिला कोणतेही उपकरण लागत नाही.

पाउवेल्स यांनी १९३५ मध्ये हाच विचार तरफेच्या गणितात मांडला. शरीरभाराची भुजा स्नायूंच्या भुजेच्या सुमारे तिप्पट लांब असल्याने स्नायूंना फार मोठी ओढ घ्यावी लागते आणि एका पायावर भार असताना सांध्यावरील दाब शरीरभाराच्या सुमारे चौपट होतो, असे त्यांचे अनुमान होते. मापकयंत्रे बसविलेल्या कृत्रिम सांध्यांवरून बेर्गमान व सहकाऱ्यांनी २००१ मध्ये दिलेली सरासरी ताशी सुमारे ४ किमी. वेगाने चालताना शरीरभाराच्या २३८ टक्के इतकी, म्हणजे अनुमानापेक्षा कमी, भरली.

चार्नली यांनी कृत्रिम सांधा रचताना खोबण आत सरकवून व नितंब स्नायू जेथे जोडलेले असतात तो ऊर्वस्थीचा उंचवटा बाहेर बसवून स्नायूंची भुजा वाढविली. त्यांचे टेफ्लॉनचे पेले मात्र झिजून निकामी झाले व नोव्हेंबर १९६२ पासून त्यांनी पॉलिएथिलीन वापरले.

याच तरफेमुळे काठी दुखऱ्या खुब्याच्या विरुद्ध हातात धरावयाची असते. अमेरिकन शल्यविशारद ब्लाउंट यांनी १९५६ मध्ये काठीचा आग्रहपूर्वक पुरस्कार केला. तरीही दुखऱ्या बाजूच्याच हातात काठी धरलेले वृद्ध सर्रास आढळतात, आणि त्यांना हात बदलावयास कोणी सांगितलेले नसते.