सामायिक लेखनाची किंमत

दिल्लीच्या करोल बागेतल्या गफ्फार मार्केटमध्ये मोबाइलच्या खोक्यावर ‘ऑक्टा-कोअर’ हा शब्द ठळक छापलेला असतो. कोअर म्हणजे प्रोसेसरमधला आकडेमोड करणारा स्वतंत्र भाग. असे आठ कोअर म्हणजे आठपट वेग, असा हिशेब गिऱ्हाईक मनाशी मांडते. तो चुकतो. आकडेमोड किती होते यापेक्षा माहिती कुठे आहे आणि ती कोण बदलतो, यावर यंत्राचा वेळ अधिक खर्च होतो.

आधी अंतरे पाहू. ३ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचे घड्याळ सेकंदाला ३ अब्ज ठोके देते. कोअरला खेटून असलेल्या पहिल्या पातळीच्या कॅश मेमरीतून आकडा यायला ४-५ ठोके लागतात, दुसऱ्या पातळीतून १२-१५, तर बहुधा सगळ्यांच्या सामायिक असलेल्या तिसऱ्या पातळीतून सुमारे ४०-५०. तिथेही आकडा नसला, तर मुख्य मेमरी गाठावी लागते. या फेरीला ८०-१०० नॅनोसेकंद, म्हणजे अडीचशे-तीनशे ठोके लागतात, आणि तेवढ्यात शेकडो बेरजा उरकल्या असत्या. म्हणूनच प्रत्येक कोअरला स्वतःची कॅश दिलेली असते. मेमरीतल्या मजकुराची प्रत तिथे सुटी येत नाही, ओळीने येते. बहुतेक प्रोसेसरांत एक ओळ ६४ बाइटची असते.

प्रत येते तिथे प्रती जुन्या होण्याचा प्रश्नही येतो. गफ्फार मार्केटपासून जवळच बीडनपुऱ्याचा सराफ बाजार आहे. समजा, तिथल्या प्रत्येक दुकानात सोन्याच्या भावाची पाटी आहे. वाचणारे हजार असले तरी अडचण नाही. पण भाव बदलायचा झाला, तर इतर सगळ्या पाट्या पुसल्याची खात्री झाल्याशिवाय नवा आकडा लिहिता येणार नाही. नाहीतर एकाच वेळी दोन भावांनी सौदे होतील. कॅश-सुसंगतीचा नियम नेमका हाच आहे.

इलिनॉय विद्यापीठातल्या पापामार्कोस आणि जनक पटेल यांनी १९८४ साली मांडलेल्या पद्धतीत प्रत्येक ओळीच्या चार अवस्था असतात: बदललेली, एकट्याची, सामायिक आणि बाद. ओळ एकट्याची असेल तर कोअर कुणाला न विचारता लिहितो. ती सामायिक असेल तर आधी इतरांच्या प्रती बाद कराव्या लागतात. थोडे कोअर असतील तर ही सूचना सर्वांना ऐकवता येते. संख्या वाढली की तो गलका परवडत नाही. मग कोणती ओळ कुणाकडे आहे याची नोंदवही ठेवून फक्त संबंधितांनाच कळवावे लागते. अशा नोंदवहीची कल्पना १९७८ मध्येच सेन्सिए आणि फोत्रिए यांनी मांडली होती.

आता खरा घात पाहा. आठ कोअरसाठी आठ वेगळे मोजणीचे आकडे ठेवले, प्रत्येक ८ बाइटचा. कुणीही दुसऱ्याच्या आकड्याला हात लावत नाही, त्यामुळे कार्यक्रम (प्रोग्रॅम) निर्दोष दिसतो. पण आठ गुणिले आठ म्हणजे चौसष्ट! शेजारी-शेजारी मांडलेले हे आकडे एकाच ओळीत मावू शकतात, आणि यंत्र ताबा ठरवते तो ओळीचा, आकड्याचा नव्हे. प्रत्येक लेखनाला ती ओळ एका कोअरकडून दुसऱ्याकडे ओढली जाते आणि आठ कोअरचे काम एका कोअरपेक्षाही हळू होऊ शकते. या फसव्या भागीदारीवर उपाय साधा आहे. प्रत्येक आकड्याला स्वतंत्र ओळ द्यावी. ६४ च्या जागी ५१२ बाइट लागतील, आणि ते खुशाल खर्चावेत.

सुसंगती एकाच पत्त्यापुरती हमी देते, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. दोन वेगवेगळ्या पत्त्यांवरची लेखने इतर कोअरना कोणत्या क्रमाने दिसतील, हा निराळा प्रश्न आहे. बहुतेक मोबाइलांतले आर्म प्रोसेसर या क्रमाबाबत इंटेलच्या प्रोसेसरांपेक्षा अधिक मोकळीक घेतात. त्यामुळे इंटेलच्या लॅपटॉपवर वर्षानुवर्षे चाललेला सदोष कार्यक्रम मोबाइलवर पहिल्यांदा चुकू शकतो.

या साऱ्या खर्चाला दुसरे उत्तर पुण्यात दिले गेले. सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेने विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक उभा केला. त्यात इनमॉस कंपनीचे ट्रान्सप्यूटर नावाचे प्रोसेसर होते. प्रत्येकाची मेमरी स्वतःची, आणि शेजाऱ्यांशी बोलायला चार दुवे. सामायिक मेमरी नाही, म्हणून सुसंगतीचा पसाराही नाही. दुसऱ्याकडचा आकडा हवा असेल तर निरोप पाठवून मागवायचा. कार्यक्रम लिहिणाऱ्याला कष्ट जास्त पडत. पण प्रत्येक देवाणघेवाण त्याला आपल्या हाताने लिहावी लागे, आणि तिची किंमत डोळ्यांपुढे राही. माझ्या मते सामायिक मेमरीच्या सोयीत आपण नेमकी हीच दृष्टी गमावली.

म्हणून कार्यक्रम लिहिणाऱ्यांना एक विनंती. कामाला आणखी कोअर लावण्याआधी आपला कार्यक्रम उघडा आणि एकाहून अधिक कोअर ज्याच्या ओळीवर लिहितात अशा प्रत्येक आकड्याखाली रेघ मारा.