कुरुंदाचा फवारा

एखाद्याचे पितळ उघडे पडले असे आपण म्हणतो, तेव्हा वरचा मुलामा उडून आतला खरा धातू दिसला, एवढाच त्या वाक्प्रचाराचा मूळ अर्थ असतो. अमेरिकेतल्या मॉडेल रेलरोडच्या छंदात हा अर्थ अक्षरशः खरा होतो आणि तो सुखाचा असतो. 1950च्या दशकापासून जपानमध्ये आणि पुढे कोरियात हाताने डाख देऊन जोडलेली पितळी इंजिने तिथल्या छंदिष्टांच्या घरोघरी आहेत. खऱ्या इंजिनाच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याची ही इंजिने नव्याने रंगवायची तर आधी जुना रंग मुळापासून काढावा लागतो. घासून काढावा तर रिव्हेटच्या खिळ्यांची डोकी झिजतात, कारण एक इंच रुंदीचे डोके या मापात जेमतेम 0.3 मिलिमीटर उरते.

म्हणून एक बंद पेटी घेतात. तिला वर काच असते, पुढे हातमोजे बसवलेली दोन भोके असतात आणि आत पेनाएवढी नळी. कॉम्प्रेसरची हवा त्या नळीतून सुटते आणि बाटलीतली बारीक पूड ओढून घेऊन इंजिनावर मारते. बघता बघता रंग उडतो आणि खाली मंद, मॅट पितळ दिसू लागते. खिळ्यांची डोकी जागच्या जागी असतात. या कामाला जगभर ‘सँडब्लास्टिंग’ म्हणतात. पिंपरी-चिंचवडच्या वर्कशॉपमध्येही हाच शब्द आहे. पण या नावातला अर्धा शब्द जुना झाला आहे आणि जीवघेणाही आहे. त्याच्या जागी बसणारा शब्द मराठीला बाहेर शोधावा लागत नाही, तो घरातच आहे.

आधी ‘ब्लास्ट’ पाहू. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ वाऱ्याचा झोत असा होता आणि तो फुंकण्याच्या क्रियापदाच्याच कुळातला आहे. स्फोट हा अर्थ त्याला पुढे चिकटला. मराठी वर्तमानपत्रांत ‘ब्लास्टिंग’ म्हटले की खडीच्या खाणीतला सुरुंग डोळ्यांपुढे येतो. या सुरुंगाचा प्रवासही नळीतूनच झाला आहे. ग्रीकमध्ये ‘सिरिंक्स’ म्हणजे पोकळ नळी, बासरी. त्यावरून संस्कृतात ‘सुरुङ्गा’ आला तो भुयार या अर्थाने, आणि कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तो आहे. मराठीने भुयार सोडून त्यात ठासलेली दारू उचलली. ब्लास्ट वाऱ्याकडून स्फोटाकडे गेला आणि सुरुंग नळीकडून स्फोटाकडे. छंदिष्टाच्या पेटीत दोघेही मूळपदावर येतात, कारण तिथे असते फक्त नळी आणि तिच्यातून सुटणारा वारा.

आता ‘सँड’. अमेरिकेच्या फिलाडेल्फिया शहरातल्या बेंजामिन च्यू टिल्घमन यांनी 1870 मध्ये या युक्तीचे पेटंट घेतले. वाफेच्या, हवेच्या किंवा पाण्याच्या झोताबरोबर वाळू मारून दगड, काच, धातू कापावा, घासावा, कोरावा, असा त्यांचा दावा होता. बाल्डविन कंपनीचा इंजिनांचा प्रचंड कारखानाही त्या काळी याच शहरात होता. टिल्घमन यांच्या पद्धतीत वाळूच होती, त्यामुळे नाव चोख बसले.

त्याच 1870 मध्ये इटलीत आकिल्ले विस्कोंती या डॉक्टरांनी एका जुन्या रोगाला नवे नाव दिले : ‘सिलिकोसिस’. लॅटिनमधला ‘सिलेक्स’ म्हणजे गारगोटी. वाळूचा कण म्हणजे बहुतांशी हीच गारगोटी. तो पोलादावर जोरात आपटला की फुटतो आणि त्याची इतकी सूक्ष्म धूळ होते की डोळ्यांना दिसत नाही. ही धूळ श्वासाबरोबर फुप्फुसाच्या शेवटच्या पोकळ्यांपर्यंत पोचते आणि तिथेच राहते. भोवती वण धरतात, फुप्फुस कडक होत जाते. यावर आजही उतारा नाही. यंत्र आणि त्याच्या रोगाचे नाव असे एकाच वर्षी जन्माला आले. ब्रिटनने 1949च्या नियमांनी ओतीव वस्तूंच्या ब्लास्टिंगमधून वाळू हद्दपार केली. अमेरिकेच्या ‘नायॉश’ या व्यावसायिक आरोग्य संस्थेने 1974 मध्ये तशीच शिफारस केली. वाळू गेली तरी नाव राहिले. नावावर विश्वास ठेवून कोणी नवखा नदीची वाळू चाळून बाटलीत भरेल, हा धोका त्या नावातच आहे.

मग बाटलीत काय असते? पितळी इंजिनासाठी बहुतेक जण ॲल्युमिनियम ऑक्साइडची पूड वापरतात, साधारण 220 नंबरची. तिचा एकेक कण मिलिमीटरच्या पंधराव्या भागाएवढा असतो, म्हणजे त्या खिळ्याच्या डोक्यापेक्षाही चार-पाच पटींनी बारीक. स्फटिकरूप ॲल्युमिनियम ऑक्साइडला खनिजशास्त्रात ‘कोरंडम’ म्हणतात. हा शब्द इंग्रजीचा नाही, लॅटिनचाही नाही. तो दक्षिण भारतातून गेला आहे. तमिळमध्ये ‘कुरुंदम’, संस्कृतात ‘कुरुविंद’ आणि आपल्या मराठीत ‘कुरुंद’.

अठराव्या शतकाच्या पहिल्या तीसेक वर्षांत भारतातून गेलेले नमुने नोंदवताना जॉन वुडवर्ड यांनी हा शब्द इंग्रजीत नेला. 1798 मध्ये चार्ल्स ग्रेव्हिल यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे आशियातल्या या दगडावर निबंध वाचला. आपल्याकडे त्याच्याही कितीतरी आधी कुरुंदाची पूड लाखेत कालवून तिची चाके करत, आणि हत्यारांना धार लावायला व रत्नांना पैलू पाडायला ती वापरत. वराहमिहिराने बृहत्संहितेत पद्मराग म्हणजे माणिक कशापासून होते हे सांगताना सौगंधिक आणि स्फटिक यांच्या जोडीला कुरुविंदाचे नाव घेतले आहे. आजचे रसायनशास्त्रही माणकाला कुरुंदच मानते. त्यात क्रोमियमचा अंश असला की लाल रंग येतो. मोजच्या काठिण्यश्रेणीत वाळूतली गारगोटी सातव्या पायरीवर असते आणि कुरुंद नवव्या. त्याच्या वर फक्त हिरा.

या शब्दाची आणखी एक शाखा आपल्या रोजच्या ओळखीची आहे. अमेरिकेत एडवर्ड ॲचिसन यांना 1891च्या सुमारास विजेच्या भट्टीत एक अतिकठीण पदार्थ मिळाला. कार्बन आणि कोरंडम यांचा तो संयोग असावा असे त्यांना वाटले, म्हणून त्यांनी नाव ठेवले ‘कार्बोरंडम’. पुढे तो सिलिकॉन कार्बाइड निघाला, त्यात कुरुंद मुळीच नव्हता. पण नाव पक्के झाले होते. लोहाराच्या ग्राइंडरवर आज ‘कार्बोरंडम’ चाक फिरते, तेव्हा त्याच्या नावाची शेपटी दक्षिण भारतातली असते.

पूड मारायच्या त्या पेनाला अमेरिकेत ‘एअर इरेझर’ असेही म्हणतात. लॅटिनमध्ये ‘रादेरे’ म्हणजे खरवडणे. ‘इरेझर’, ‘रेझर’ आणि ‘अब्रेसिव्ह’ हे तिन्ही शब्द त्याच धातूतून निघाले. खोडरबर, वस्तरा आणि कुरुंदाची पूड एका घरची निघतात ती अशी. पण या नावातूनही कामाचा अर्धाच भाग कळतो. जुना रंग खोडणे हा पहिला अर्धा. दुसरा अर्धा म्हणजे नवा रंग धरून ठेवील असा खरखरीतपणा पितळेला देणे. प्लास्टिकच्या डब्यावरचा रंग काढायला काही जण खायचा सोडा मारतात. सोड्याचे कण मऊ असल्याने रंग निघतो, पण खालच्या पृष्ठभागाला फारसा खरखरीतपणा येत नाही.

या दुसऱ्या अर्ध्या कामाला मराठीत नेमका शब्द आहे : टाकी लावणे. पाटा किंवा जाते वापरून गुळगुळीत झाले की त्याच्यावर दाणा नुसता घसरतो. मग टाकी घेऊन बारीक खळगे पाडायचे. कुरुंदाचा प्रत्येक कण पितळेवर असाच एक खळगा पाडतो, आणि रंग त्या खळग्यांत पाय रोवून बसतो. टाकी म्हणजे पाथरवटाची छिन्नी, संस्कृतातल्या ‘टङ्क’पासून आलेली.

आणि कॉम्प्रेसरला असते ती दुसरी टाकी. इंग्रजी ‘टँक’चे मूळ शोधताना यूल आणि बर्नेल यांनी 1886च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशात हा शब्द दुहेरी कुळाचा मानला. एकीकडे पोर्तुगीज ‘तांके’, आणि दुसरीकडे गुजराती ‘टांकं’ व मराठी ‘टाके’. गडावर कातळात खोदलेले पाण्याचे टाके पाहिले की ते टाकीनेच कोरलेले असते. पितळेला टाकी लावायची ती टाकीतल्या हवेने, हे वाक्य मराठीत अगदी सरळ उभे राहते.

या टाकीशिवाय ब्लास्टिंग होत नाही. रंगाच्या एअरब्रशला थोडी हवा पुरते, म्हणून टाकी नसलेला छोटा कॉम्प्रेसर तिथे चालून जातो. ब्लास्टरला मात्र दर मिनिटाला कितीतरी जास्त हवा लागते. लहान कॉम्प्रेसरचा दाब काही क्षणांत कोसळतो, पूड अडखळत पडू लागते आणि पितळेवर डाग राहतात. शिवाय टाकीत पाणी साठते. निम्मी सापेक्ष आर्द्रता असलेली हवा आठपट दाबली आणि ती पुन्हा खोलीच्या तापमानाला आली, की तिच्यातली तीन चतुर्थांश वाफ पाणी होऊन खाली बसते. ते पाणी नळीत गेले की पूड ओली होते, तिचे गोळे होतात आणि तोंड बुजते. म्हणून टाकीच्या बुडाची तोटी नेमाने उघडायची आणि नळीवर पाणी अडवणारा सापळा लावायचा.

कॉम्प्रेसरचे आपले जुने नाव भाता. संस्कृतात ‘भस्त्रा’ म्हणजे कातडी पिशवी. तिच्यातून लोहाराचा भाता झाला, बाण ठेवायचाही भाता झाला आणि योगाभ्यासातली भस्त्रिकाही झाली. ‘हवा’ मात्र अरबीतून आली आणि पंक्चरच्या दुकानापर्यंत पोचली. तिथे दाब पाउंडात सांगतात, ‘मागच्या चाकात तीस पाउंड हवा मारा’. नव्या गेजवर ‘बार’ही लिहिलेले असते. हा बार ग्रीक ‘बारोस’मधून, म्हणजे वजन या अर्थाच्या शब्दातून आला. ग्रीक ‘बारुस’ आणि संस्कृत ‘गुरु’ ही एकाच मूळ शब्दाची दोन रूपे आहेत, दोन्हींचा अर्थ जड. गुरुत्वाकर्षणातला गुरु तो हाच.

‘गेज’ या शब्दाने तर दोन घरे केली आहेत. कॉम्प्रेसरवरची तबकडी गेज आणि रुळांमधले अंतरही गेज. छंदाच्या या मापाला ‘एच-ओ’ म्हणतात. त्यातला ‘ओ’ मुळात शून्य होता. जर्मनीच्या मेर्कलिन कंपनीने 1891 मध्ये खेळण्यातल्या रुळांना एक, दोन, तीन असे क्रमांक दिले. पुढे एकापेक्षा लहान रूळ आले, त्यांना शून्य म्हटले. त्याच्याही निम्मे आले तेव्हा ‘हाल्ब-नुल’, म्हणजे अर्धे शून्य. अमेरिकेत त्या शून्याचे अक्षर झाले. या मापात रूळ 16.5 मिलिमीटरचे असतात. आपल्या 1676 मिलिमीटरच्या ब्रॉडगेजला ते 19.24 मिलिमीटर लागतील, म्हणून भारतीय इंजिन तयार रुळांवर ठेवले की खालून अरुंद दिसते. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी 1998 मध्ये उघडलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय याच एच-ओ मापात आहे.

हवा आणि वाळू ही जोडी खऱ्या इंजिनावरही असते. जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी 1869 मध्ये एअर ब्रेकचे पेटंट घेतले, तेव्हापासून इंजिनाच्या अंगावर हवेचा पंप बसला. भारतीय गाड्यांच्या ब्रेक पाइपमध्ये दर चौरस सेंटिमीटरला 5 किलो, म्हणजे सुमारे 71 पाउंड दाब असतो. अमेरिकन वाफेच्या इंजिनांत बॉयलरच्या पाठीवर वाळूचा घुमट असे, म्हणजे बॉयलरच्या उष्णतेने वाळू कोरडी राही. चाक घसरू लागले की ती वाळू नळीतून रुळावर सोडायची. आजच्या इंजिनांतही वाळूच्या पेट्या असतात, आणि कॉम्प्रेसरची हवा त्यांतली वाळू चाकाखाली फुंकते. बोरघाटात 1:37 चढावर गाडीला मागून रेटणाऱ्या इंजिनांना ही पकड जीवनावश्यक असते. वाळूची योग्य जागा ती, चाकाखाली, उघड्यावर. मॉडेल करणारा हौशी माणूस रंग उडवायला बसतो, तेव्हा त्याच्या हातात तीच हवा असते, पण वाळू बदललेली असायला हवी.

कुरुंद वापरला तरी पेटी बंदच हवी आणि तोंडावर धुळीचा मास्क हवाच. जुन्या रंगात शिसे असू शकते आणि उडालेला रंग कुरुंदाइतकाच बारीक होतो. पण पहिली काळजी भाषेत घेता येते. तंत्रनिकेतनात, वर्कशॉपच्या फलकावर आणि छंदाच्या पुस्तकांत ‘सँडब्लास्टिंग’च्या जागी ‘कुरुंद मारणे’ लिहायला लागलो, तर शिकाऊ पोराला बाटलीत काय भरायचे ते नावातूनच कळेल. सोडा असेल तर ‘सोडा मारणे’, काचेचे मणी असतील तर ‘मणी मारणे’. जे मारायचे त्याचेच नाव घ्यायचे. मराठी कारागीर ‘रंग मारतो’, ‘हवा मारतो’, तेव्हा तो हीच रीत पाळत असतो. त्या रीतीत कुरुंद सहज बसतो, आणि वाळूला त्या बाटलीतून कायमचे बाहेर ठेवतो.