नालदेहरा : पहाडी गोल्फ आणि शरद ऋतू

भारतात गोल्फचा आरंभ डोंगरांवर नव्हे, तर बंदरांच्या शहरांत झाला. कोलकात्याचा गोल्फ क्लब 1829 मध्ये स्थापन झाला आणि ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वांत जुना क्लब म्हणून तो ओळखला जातो; मुंबईत असा क्लब 1842 मध्ये निघाला. त्या काळी चामड्याच्या पिशवीत पिसे ठासून केलेला चेंडू महाग होता आणि भिजला की निकामी होई. 1848 च्या सुमारास गटापर्चाचा, म्हणजे मलाया भागातील एका झाडाच्या चिकापासून बनवलेला चेंडू आला, तेव्हा खेळाचा खर्च उतरला आणि साम्राज्याच्या दूरवरच्या ठाण्यांत त्याचा प्रसार सुकर झाला. तरीही हिमालयात गोल्फ रुजला तो केवळ चेंडू स्वस्त झाला म्हणून नव्हे. त्यामागे राज्यकारभाराचे वार्षिक स्थलांतर होते.

1864 पासून शिमला ही ब्रिटिश भारताची अधिकृत उन्हाळी राजधानी झाली आणि वर्षातील निम्म्याहून अधिक काळ सरकारी दफ्तरे तेथे राहू लागली. कड्यांवर वसलेल्या या शहरात सपाट जागा मोजक्याच होत्या. त्यांतील अॅनंडेल या मैदानावर घोड्यांच्या शर्यती, क्रिकेट आणि 1888 पासून ड्युरंड चषकाचे फुटबॉल सामने होत असल्यामुळे गोल्फसाठी शहराबाहेर पाहणे भाग होते. शिमल्यापासून सुमारे 22 किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून 2,000 मीटरहून अधिक उंचीवर, देवदारांनी वेढलेले नालदेहऱ्याचे गवताळ पठार या कामी आले. 1899 ते 1905 या काळात व्हाइसरॉय असलेल्या लॉर्ड कर्झनचा तेथे तंबू ठोकून मुक्काम असे, आणि मैदानाच्या उभारणीचे श्रेयही परंपरेने त्यालाच दिले जाते. त्याने 1904 मध्ये जन्मलेल्या आपल्या धाकट्या मुलीच्या नावात या स्थळाचे नाव गुंफले, यावरून त्याची येथील ओढ कळते.

हे पठार मात्र ओसाड नव्हते. मैदानाच्या मधोमध नागदेवतेचे मंदिर असून परिसरातील गावांची श्रद्धा आजही त्याच्याशी बांधलेली आहे. म्हणून येथील खेळाचा इतिहास लिहिताना, ही भूमी आधी कोणाची होती याची नोंद केल्यावाचून तो पूर्ण होत नाही. खेळाची रचनाही डोंगरानेच ठरवली. चेंडूचा पहिला फटका जेथून मारतात ती टी आणि ज्यात होल असते ती बारीक कापलेल्या गवताची ग्रीन यांच्या मधला पट्टा, म्हणजे फेअरवे, येथे क्वचितच समतल असतो. खेळाडूचा एक पाय वर तर दुसरा खाली राहतो, आणि नेम चुकलेला चेंडू उतारावरून थेट देवदारांत घरंगळतो. या उंचीवर हवेची घनता समुद्रकिनाऱ्याच्या तुलनेत जवळजवळ पाचव्या हिश्शाने कमी असल्याने चेंडूला होणारा विरोध घटतो व तो अधिक दूर जातो, त्यामुळे मैदानी प्रदेशातील सवयीचा अंदाज येथे चालत नाही.

शरद ऋतूचे महत्त्व याच संदर्भात समजते. जुलै-ऑगस्टमध्ये धुके आणि पाऊस खेळ थांबवत. सप्टेंबरअखेर मोसमी वारे माघारी फिरले की आकाश निवळे, जमीन घट्ट होई आणि उत्तरेकडील हिमशिखरे स्पष्ट दिसू लागत. पण नेमक्या त्याच सुमारास दफ्तरे पेट्यांत भरून मैदानी राजधानीकडे परतण्याची तयारी सुरू होत असे, त्यामुळे वर्षातील सर्वोत्तम खेळाचे दिवस हे निरोपाचेही दिवस असत.

1903 मध्ये कालका-शिमला रेल्वे सुरू झाल्यावर हा प्रवास सोपा झाला; त्यापूर्वी आणि त्यानंतरही पहाडातील वाहतुकीचा मोठा भार स्थानिक माणसांच्या पाठीवरच होता. बेगार, म्हणजे सक्तीने किंवा नाममात्र मोबदल्यात करवून घेतलेले श्रम, हा येथील कारभाराचा आधार होता, आणि कोटगढला स्थायिक झालेले सॅम्युअल स्टोक्स यांनी 1920-21 मध्ये त्याविरुद्ध आंदोलन उभारले. आज पर्यटक शुल्क भरून नालदेहऱ्याला खेळू शकतात, ही इष्ट गोष्ट आहे. मात्र या मैदानाच्या सौंदर्याचा वारसा सांगताना व्हाइसरॉयच्या नावाबरोबर मंदिराचे गावकरी आणि ओझी वाहणारे पहाडी लोक यांचेही स्थान इतिहासात निश्चित केले पाहिजे.