पाण्यातल्या आसरा आणि उशाखालचा कोयता

मुंबई-गोवा महामार्गाने हातखंबा मागे टाकले की पाली लागते. येथून एक रस्ता लांज्याकडे जातो. दुसरा नाणीज, साखरपा करीत आंबा घाट चढतो आणि कोल्हापूर गाठतो. या वाटेने माझे जाणे-येणे अनेक वर्षांचे आहे. कोकणात काय किंवा घाटावर काय, वहाळाच्या डोहाशी अथवा जुन्या विहिरीच्या काठी शेंदूर फासलेले सात दगड ओळीने मांडलेले दिसले, की ते कोणाचे हे विचारावे लागत नाही. त्या साती आसरा. भर दुपारी आणि तिन्हीसांजेला त्या पाण्यावर जाऊ नये, असे जुनी माणसे बजावतात.

आमच्या धर्मग्रामातील महाविद्यालयीन मुलींच्या हाती अलीकडे जाडजूड इंग्रजी कादंबऱ्या दिसतात. त्यांत पऱ्यांचे काळोखे राज्य असते, तेथील राजपुत्र मानवकन्येवर भाळतो, प्रेमाला एक अट असते आणि अट मोडली की रक्त सांडते. एकीने मला विचारले, "फादर, असले काही आपल्याकडे का नाही?" तिला मी जे सांगितले, त्याचाच हा विस्तार आहे.

'आसरा' हे 'अप्सरा' या शब्दाचेच घरगुती रूप. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील ९५ वे सूक्त म्हणजे पुरूरवा राजा आणि उर्वशी अप्सरा यांचा संवाद. शतपथ ब्राह्मणात ही कथा सविस्तर येते. उर्वशी राजाजवळ राहते. मात्र तो विवस्त्र स्थितीत आपल्या दृष्टीस पडता कामा नये, अशी तिची अट असते. गंधर्व रात्री तिची कोकरे पळवितात, राजा तसाच उठून धावतो, गंधर्व वीज चमकवितात आणि उर्वशी नाहीशी होते. पुढे एका सरोवरात ती पाणपक्ष्याच्या रूपात त्याला भेटते, पण त्याच्या घरी परतत नाही. कालिदासाने 'विक्रमोर्वशीय' नाटकात या कथेचा शेवट गोड केला. मूळ सूक्त गोड नाही. गोव्यात जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी' या ग्रंथात तर असे मांडले की, पुत्रप्राप्तीनंतर राजाचा बळी जावयाचा आहे आणि तो उर्वशीपाशी प्राणांची याचना करीत आहे. मला हे मत पूर्णपणे पटत नाही. परंतु सूक्तातील भय त्यांनी अचूक हेरले, हे मान्य केलेच पाहिजे.

येथवर ती स्वर्गातली आहे. कोकणात उतरल्यावर तिचे काय झाले, हे पाहण्यासाठी एका निराळ्या ग्रंथाकडे वळावे लागते. नाशिकचे कलेक्टर ए. एम. टी. जॅक्सन हे संस्कृतचे जाणकार. गावोगावच्या शाळामास्तरांकडून त्यांनी लोकसमजुतींची माहिती जमविली होती. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. कान्हेरे मूळचे याच रत्नागिरी जिल्ह्याच्या खेड तालुक्यातले. त्या रात्री रंगभूमीवर देवलांचे 'शारदा' होते. म्हाताऱ्याशी लग्न लावून दिल्या जाणाऱ्या कोवळ्या मुलीचे नाटक. जॅक्सन यांच्या मागे राहिलेली सामग्री आर. ई. एन्थोवेन यांनी संकलित केली आणि तिचा कोकणविषयक खंड १९१५ साली निघाला.

त्या खंडात आसरा कोण आहेत? मूल झाल्यानंतर पाण्यात उडी घेऊन जीव दिलेल्या तरुण स्त्रिया. स्वर्ग नाही, गंधर्व नाहीत. शेजारच्या घरातली, काल-परवापर्यंत त्याच विहिरीवर कळशी भरणारी सून. तिने उडी का घेतली, हे मास्तरांना कोणी विचारले नाही आणि त्यांनी लिहिले नाही. दगडाला शेंदूर लागला, खण-नारळ ठेवला गेला आणि प्रकरण मिटले.

याच खंडातील भुतांची नावे वाचताना मी थबकलो. पुरुषांच्या भुतांत ब्रह्मग्रह आहे, खवीस आहे, मुंज होऊन लग्नाआधी वारलेल्या मुलाचा मुंजा आहे. बायकांची वाटणी मुख्यतः नवऱ्याच्या हिशेबाने झालेली आहे. नवरा हयात असता मेली ती जखीण. विधवा मेली ती लावसट. बाळंतपणानंतर दहा दिवसांच्या आत, अथवा विटाळात मेली ती हडळ. मेल्यावरही तिला स्वतःचे नाव मिळाले नाही.

हे दहा दिवस म्हणजे सुवेराचे दिवस. सूतिकाज्वर बहुधा याच मुदतीत येतो. व्हिएन्नातील डॉक्टर इग्नाझ सेमेलवाईस यांनी १८४७ साली आपल्या सहकाऱ्यांना क्लोरीनयुक्त पाण्याने हात धुवावयास लावून त्या तापाचे बळी झपाट्याने कमी करून दाखविले. हात न धुतल्याने जी मेली, तिला आपण हडळ म्हणालो, असा माझा तर्क आहे. तिच्या भयाने बाळंतिणीच्या उशाखाली कोयता किंवा विळा ठेवावयाचा. लोखंडाला ती भिते.

आता नवलाची गोष्ट अशी की, आयर्लंडच्या कॅथॉलिक खेड्यांतही पऱ्या लोखंडालाच भीत आणि ओल्या बाळंतिणीलाच पळवून नेत. मागे राहते ती खरी बायको नव्हे, तिच्या रूपातली परी, अशी समजूत होती. परकीय कादंबऱ्यांतील काळोखे प्रेम जेथून आले, ते हे ठिकाण. तेथे १८९५ सालच्या मार्च महिन्यात काय घडले, ते आपल्या कुटुंबांनी वाचण्यासारखे आहे.

टिपरेरी परगण्यातील बॅलिवॅडली या खेड्यात ब्रिजेट क्लियरी नावाची तरुणी राही. शिवणकाम करून स्वतः कमावणारी, नीटनेटकी. नवरा मायकल पिपे बनविणारा कारागीर. ती आजारी पडली आणि नवऱ्याच्या मनाने घेतले की ही आपली ब्रिजेट नव्हे. १३ मार्चला डॉक्टर येऊन गेले. त्याच दिवशी धर्मगुरूंनी येऊन तिला अंतिम संस्कार दिले. १४ च्या रात्री नातलगांनी तिला धरून ठेवले, वनस्पतींचा काढा बळेच पाजला आणि देवाच्या नावाने पुनःपुन्हा विचारले की, तू खरी कोण आहेस? १५ च्या सकाळी धर्मगुरूंनी त्याच खोलीत मिस्सा अर्पण केली. त्या रात्री नवऱ्याने तिला जाळले. नंतर तो जवळच्या प्राचीन तटबंदीपाशी रात्री जाऊन वाट पाहत उभा राहिला. पांढऱ्या घोड्यावर बसून आपली खरी ब्रिजेट बाहेर येईल आणि आपण तिची दोरी कापून तिला सोडवू, अशी त्याची खात्री होती. २२ मार्चला पोलिसांना तिचा देह उथळ खड्ड्यात सापडला. मायकलला सदोष मनुष्यवधाबद्दल २० वर्षांची शिक्षा झाली. १९१० साली तो सुटला.

त्याचे प्रेम खोटे होते, असे मला म्हणवत नाही. तेच तर भयंकर आहे. उर्वशीच्या कथेत अट मोडल्यावर अप्सरा निघून जाते. येथे जाण्यास जागाच नव्हती.

पण मला अधिक छळतात ते त्या मिस्सेचे धर्मगुरू. आदल्या रात्रीचे त्यांना कोणी सांगितले नाही. त्यांनी आपले काम केले आणि ते घरी गेले. आपल्या माणसांनी याहून वाईटही केले आहे. १४३१ साली जोन ऑफ आर्कला तिच्या गावच्या पऱ्यांच्या झाडाविषयी न्यायपीठावर बसलेल्या धर्मपंडितांनीच खोदून विचारले होते, आणि अखेर तिलाही ज्वालांत जावे लागले. तिला संतपद मिळावयास १९२० साल उजाडले.

महाराष्ट्रात भूत उतरविण्याच्या मिषाने मारहाण करणे, साखळीने बांधणे हा गुन्हा ठरविणारा कायदा २०१३ च्या डिसेंबरात झाला. त्याच वर्षी २० ऑगस्टला डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची पुण्यात हत्या झाली होती. त्या कायद्याच्या पुष्कळ आधीची, माझ्या स्वतःच्या वाट्याची एक गोष्ट सांगतो. नवा धर्मगुरू असताना कोकणातील एका घरी मला बोलावणे आले. बाळंतिणीला बाहेरचे लागले आहे, ती बरळते, बाळाला जवळ घेत नाही, असे सांगण्यात आले. मी प्रार्थना केली, पवित्र पाणी शिंपडले, घरच्यांना धीर दिला, चहा घेतला आणि निघालो. अंगणात पायताण घालीत होतो. माझ्यासोबत आलेल्या वृद्ध धर्मभगिनी परिचारिका होत्या. त्या माजघरातून बाहेर आल्या आणि सासूबाईंना एवढेच विचारले, "आज कितवा दिवस?"

"सातवा, सिस्टर."

"अंग भाजतंय तिचं. गाडी बघा. फादर, तुम्ही पुढे बसा."

मी पुढे बसलो. रुग्णालयात ती बारा दिवस होती. महिन्याभराने बाळाचा स्नानसंस्कार झाला, तेव्हा त्याची आजी दुपट्यात गुंडाळलेले काही बगलेत धरून उभी होती. पाण्याची वेळ आली तशी तिने ते बाकावर ठेवले. लाकडी मुठीचा कोयता होता. मी तिला काही बोललो नाही.