दारूने घेतलेली दारूची परीक्षा



वसंतातल्या व्याख्यानात बाटलीचा विषय निघावा याचे काहींना आश्चर्य वाटेल. परंतु मी आज बाटलीतल्या द्रव्याविषयी कमी आणि बाटलीवरच्या एका आकड्याविषयी अधिक बोलणार आहे. आपल्या राज्यात विकल्या जाणाऱ्या देशी दारूची बाटली घ्या, किंवा नावाने विलायती पण जन्माने इथल्याच अशा व्हिस्कीची घ्या. दोहोंच्या किमतीत मोठे अंतर असते. पण आकडा बहुधा एकच छापलेला आढळतो : ४२.८ टक्के. चाळीस नव्हे, पंचेचाळीस नव्हे; बेचाळीस पूर्णांक आठ दशांश! असा आडनिडा आकडा कोणी आपण होऊन निवडील काय? तो निवडलेला नाहीच. तो आपल्याला वारशाने मिळाला आहे, आणि त्या वारशाची हकीकत ऐकण्यासारखी आहे.

‘दारू’ हा शब्द फारसीतून आला. फारसीत त्याचा अर्थ औषध. आपल्या ‘दवादारू’त तो अजून शिल्लक आहे. पुढे हाच शब्द तोफेत ठासावयाच्या भुकटीला लागला आणि पेल्यातल्या द्रव्यालाही. आपल्या भाषेतले हे दोन अर्थ इंग्लंडात प्रत्यक्ष एकमेकांना भेटले. तेथे मद्यावर कर होता आणि कडक मद्यावर जास्त कर होता. मग कडक कोणते आणि पाणी घातलेले कोणते, हे ठरवावयाचे कसे? परंपरेने सांगतात ती रीत अशी : बंदुकीची दारू थोडी घ्यावयाची, तिच्यावर मद्य ओतावयाचे आणि बत्ती लावावयाची. मद्य जळून गेल्यावर दारू भडकली, तर ते मद्य ‘प्रूफ’, म्हणजे परीक्षेला उतरलेले. पाण्यामुळे दारू भिजून विझली, तर ते ‘अंडर प्रूफ’, म्हणजे परीक्षेत कमी पडलेले. दारूनेच दारूची परीक्षा घ्यावी, असा हा प्रकार!

ही परीक्षा मोठी बेभरवशाची. भुकटी किती घेतली, मद्य किती ओतले, हवा थंड की उष्ण, यावर निकाल फिरे. म्हणून तरत्या काट्याचा उपयोग सुरू झाला. दूध संकलन केंद्रावर लॅक्टोमीटर सोडतात, ते आपण पाहिले आहे. तत्त्व तेच. अल्कोहोल पाण्याहून हलके. म्हणून मद्यात ते जितके जास्त, तितका काटा खोल बुडतो. बार्थोलोम्यू साइक्स याने तयार केलेला पितळी काटा ब्रिटिश पार्लमेंटने १८१६ साली कायद्याने मान्य केला, आणि ‘प्रूफ’ची व्याख्या वजनाने ठरली. ५१ अंश फॅरनहाइट तापमानाला ज्याचे वजन तेवढ्याच आकारमानाच्या पाण्याच्या तेरा भागांपैकी बरोबर बारा भाग भरेल, ते ‘प्रूफ’ मद्य. आजच्या हिशेबाने त्यात शेकडा ५७.१ भाग अल्कोहोल असते.

आता हा काटा आपल्याकडे कसा आला ते पाहू. मोहाच्या फुलांची, ताडामाडाच्या रसाची दारू आपल्या लोकांना नवी नव्हती. गावोगाव लहान भट्ट्या होत्या. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने सरकारने दारू गाळण्यावर आणि विकण्यावर आपली पकड घट्ट केली. सरकारी देखरेखीखालच्या भट्टीतून बाहेर पडणाऱ्या दारूवर कर बसवावयाचा, म्हणजे तिची तीव्रता नेमकी असावयास हवी. मुंबई इलाख्यात देशी दारूच्या दोन तीव्रता रूढ झाल्या : २५ अंश ‘अंडर प्रूफ’ आणि ६० अंश ‘अंडर प्रूफ’. शंभरातून पंचवीस गेले, राहिले पंचाहत्तर. आणि ५७.१ चे पंचाहत्तर टक्के किती? ४२.८! कोडे सुटले. आपल्या बाटलीवरचा आकडा म्हणजे त्या विलायती परीक्षेचा पाऊणपट होय.

या साऱ्या मापनामागे पिणाऱ्याच्या जिवाची काळजी नव्हती. काळजी होती ती तिजोरीची. आपल्या लोकांच्या हे ध्यानी आले नव्हते असे नाही. महात्मा फुले पुणे नगरपालिकेचे सभासद होते. १८८० साली त्यांनी शहरात वाढणाऱ्या दारूच्या दुकानांविरुद्ध नगरपालिकेकडे लेखी तक्रार केली होती.

इकडे शास्त्र पुढे गेले. १८२४ साली गे-ल्युसॅक या फ्रेंच शास्त्रज्ञाने शेकडेवारीचा काटा सिद्ध केला : शंभर भाग मद्यात शुद्ध अल्कोहोल किती भाग, एवढेच त्याने सांगावयाचे. हे माप आकारमानाचे आहे, वजनाचे नव्हे. बाटलीवर ‘व्ही बाय व्ही’ लिहितात त्याचा अर्थ हाच. तरी त्यातही एक गंमत आहे. ५० मापे अल्कोहोल आणि ५० मापे पाणी एकत्र केली, तर मिश्रण शंभर मापे भरत नाही. सुमारे ९७च भरते. दोहोंचे कण एकमेकांत दाटीने बसतात. म्हणून नुसत्या बेरजेने भागत नाही. घनता मोजून कोष्टक पाहावे लागते. अमेरिकेने ‘प्रूफ’ शब्द ठेवला, पण अर्थ बदलला. तेथे शंभर प्रूफ म्हणजे ५० टक्के. ब्रिटनने १९८० साली जुनी पद्धत सोडून शेकडेवारी स्वीकारली. आपल्या राज्यात मात्र बाटलीवर टक्के छापले जातात, आणि उत्पादन शुल्काची आकारणी अजून ‘प्रूफ लिटर’वर होते. गुरूने धडा टाकला, शिष्य तो अद्याप गिरवीत आहे!

हा विषय आपल्या जयसिंगपुराला दूरचा नाही. शिरोळ तालुक्यातल्या मळ्यांतून ऊस कारखान्यात जातो, साखर निघते आणि मळी उरते. मळी आंबवून, गाळून जे स्पिरिट निघते त्यात सुमारे ९५ टक्के अल्कोहोल असते. तेच पाणी घालून ४२.८ वर उतरवले की देशी होते. रंग आणि वास चढवला की पुष्कळदा विलायती नावही मिळते. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले, आणि त्याच वर्षीचा मुंबईचा दारूबंदी कायदा येथेही आला. पुढे बंदी सैल झाली; परंतु दारूची दुकाने आज चालतात ती त्याच दारूबंदी कायद्याखालच्या परवान्यांवर.

मग हा आकडा आपल्या काय कामाचा? आकारमान आणि टक्के यांचा गुणाकार करावा, म्हणजे शुद्ध अल्कोहोल किती ते कळते. ६० मिलिलिटरचा मोठा पेग ४२.८ टक्क्यांचा असेल, तर त्यात सुमारे २६ मिलिलिटर अल्कोहोल झाले. आता ‘बियर म्हणजे काही दारू नव्हे’ असे म्हणणारी मंडळी आपल्या परिचयाची असतील. ८ टक्क्यांच्या कडक बियरची ६५० मिलिलिटरची बाटली घ्या : ५२ मिलिलिटर. म्हणजे बरोबर दोन मोठे पेग! घरातल्या कोणी असा युक्तिवाद केला, तर हा गुणाकार त्याच्यापुढे ठेवावा. आणि कमी प्यायल्याने भागते असे म्हणणाऱ्यांना, अल्कोहोलचे कोणतेही प्रमाण प्रकृतीला निर्धोक नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली सांगितले आहे, तेही सांगावे.

एक गोष्ट मात्र हा आकडा सांगत नाही. काटा ‘किती’ ते सांगतो, ‘काय’ ते सांगत नाही. मिथिल अल्कोहोल हे विष आहे. त्याने दृष्टी जाते, प्राण जातो. त्याची घनता साध्या अल्कोहोलच्या इतकी जवळ आहे की तरता काटा दोहोंत भेद करू शकत नाही. बंदुकीच्या दारूलाही तो करता आला नसता, कारण दोन्ही सारखीच पेट घेतात. जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसे दगावली. हातावर पोट असलेली ती माणसे स्वस्त मिळेल ते पीत होती. त्यांच्या पिशवीवर आकडा नव्हता. पण असता तरी त्या आकड्याने त्यांना वाचवले नसते. त्यासाठी प्रयोगशाळेतली परीक्षा लागते, आणि ती परीक्षा खरोखर घेणारे सरकारी खाते लागते.

कर वसूल करण्यासाठी दोनशे वर्षे एवढा काटेकोर हिशेब ठेवता आला. तेवढाच काटेकोरपणा माणसांच्या जिवासाठी का ठेवता येऊ नये, हा प्रश्न आपण नागरिकांनी विचारला पाहिजे. तो आपणांपुढे ठेवून मी आपली रजा घेतो.