अजिंठ्याची रंगद्रव्ये

वाघूर नदीच्या वळणावरील लेण्यांतील भित्तिचित्रांचे रंग. यादी तोकडी आहे: गेरू, पिवडी, हिरवी माती, काजळी, चुना व इतर पांढऱ्या माती, आणि निळा. निळा सोडल्यास बहुतेक रंग स्थानिक मानले जातात.

परीक्षण : मद्रासच्या सरकारी संग्रहालयातील रसायनज्ञ एस. परमशिवन यांनी 1930 च्या दशकात गिलाव्याचे व रंगांचे पृथक्करण केले. चित्रे ओल्या चुन्यावर काढलेली नाहीत. मातीच्या गिलाव्यावर पांढरा पातळ हात देऊन, तो सुकल्यावर रंगवली आहेत, हा त्यांचा निष्कर्ष आजही सर्वसाधारणपणे मान्य आहे. पुरातत्त्व खात्याचे रसायनज्ञ बी. बी. लाल (याच नावाच्या उत्खननकारांशी गल्लत करू नये) यांचे विवेचन 1967 मध्ये प्रसिद्ध झाले.

हिरवा : दख्खनच्या काळ्या पाषाणातील पोकळ्यांना ही माती आतून अस्तरासारखी चिकटलेली असते, नखाने खरवडली की मऊ पूड सुटते. हिरवेपणा लोहाचा आहे, तांब्याचा नव्हे. म्हणून हा रंग सहसा काळवंडत नाही.

निळा : लाजवर्द, खाण अफगाणिस्तानातील बदख्शानची. 5 व्या शतकातील वाकाटककालीन चित्रांत तो दिसतो, क्र. 9 व 10 मधील जुन्या थरांत सहसा नाही. खडा कुटला तरी सगळी पूड निळी होत नाही: पांढरा कॅल्साइट, पायराइटची चमचमती कणी मिसळलेली असते, आणि फार बारीक वाटला तर रंग फिका पडतो. इजिप्तचा निळा याउलट भट्टीतला. वाळू, चुनखडी, तांबे व क्षार 850 ते 1,000 अंश सेल्सिअसला तापवून तो करीत. दृश्य प्रकाश पाडला की तो अवरक्त किरण टाकतो, त्यामुळे कॅमेऱ्याने ओळखू येतो. लाजवर्द तसा चमकत नाही.

बंधक : सरस किंवा डिंक, मतभेद आहेत.

रोगण : 1920 च्या सुमारास निजामाने बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी लाखेचे रोगण वापरले. ते पिवळे पडते, आणि पिवळ्याखालचा निळा हिरवट दिसतो. नुसत्या डोळ्यांनी ठरवलेल्या हिरव्यांवर म्हणूनच फार विसंबू नये.

गिलावा : साळीचा तूस व वनस्पतींचे तंतू घातलेली माती. वेरूळच्या गिलाव्यात भांगेचे तंतू असल्याचे 2016 मध्ये प्रसिद्ध झाले. अजिंठ्यात ते आढळले नाहीत, आणि कीड लागली ती अजिंठ्यालाच.